अँब्रोजची रिकामी ओळ

अँब्रोजचं तोंड काही मिटेना.

हेप्सीबानं सकाळपासून तिसऱ्यांदा रुमाल बांधला होता. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ. अशीच तिनं आईला बांधली होती आणि बापालाही. गाठ तिची पक्की असायची, उभा जन्म मागावर तुटलेली सुतं सांधण्यात गेलेला. तरी चहाचं आधण ठेवून परत यावं तो रुमाल सैल आणि जबडा खाली. फार नाही. मंचावर उभ्या माणसानं सूर लावण्याआधी ओठ विलग करावेत, तेवढाच.

"आता पुरे हं," ती भावाला म्हणाली. "लंडनच्या लोकांनी तिकिटं काढून ऐकलं तुला. आता मीट."

पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. आमच्या खोऱ्यात पुढची खोली नाताळसाठी, पाद्र्यासाठी आणि मेलेल्यासाठी. जिवंतांनी स्वैपाकघरात बसायचं. त्यामुळे कॉन्स्टन्स सरळ पुढच्या दारानं आत आली, तेव्हाच हेप्सीबाला कळलं की ही अजून लंडनचीच आहे. फरची कॉलर, काळे हातमोजे आणि मागे लॉरेन्स, हातात आईची बॅग धरून. आवाज गेल्यावर अँब्रोज गावी परतला, तेव्हापासून नवराबायकोनं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पोरं वाटून घेतली होती. मेव्हिस बापाकडे, लॉरेन्स आईकडे.

"कसे दिसतायत?" कॉन्स्टन्सनं विचारलं.

"मेल्यासारखा," हेप्सीबा म्हणाली. "चहा घेशील?"

कॉन्स्टन्स शवपेटीजवळ गेली आणि थांबली. "तोंड असं का ठेवलंय तुम्ही?"

"मी नाही ठेवलं. ऐकत नाही तो. तुझं ऐकायचा का कधी?"

कॉन्स्टन्स हसली नाही. लॉरेन्सला मात्र हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. हेप्सीबाला पोराचा तो खोकला आवडला. स्वतःचा होता तो, लहानसा, ओला, साधा.

"लॉरेन्स, जा मेव्हिसकडे," कॉन्स्टन्स म्हणाली. तो गेल्यावर तिनं हातमोजे काढले. "शेवटच्या कडव्याची ती रीत अजून पाळता तुम्ही चॅपेलात?"

"न पाळायला काय झालं?"

"सहज विचारलं."

"सहज विचारायला कुणी लंडनहून येत नाही. पोराला काय पढवून आणलंयस?"

आमच्या चॅपेलची स्तोत्रं चार आवाजांत चालतात, बायकांचे दोन, पुरुषांचे दोन, वरचा टेनर आणि खालचा बास. गाणाऱ्यांपैकी कुणी गेलं, की त्याच्या मातीला शेवटच्या कडव्यात त्याची ओळ कुणी गात नाही. बास गेला तर सगळे बास गप्प. टेनर गेला तर सगळे टेनर गप्प. उरलेले तिघे गातात आणि मधे भोक राहतं, दात पडलेल्या हसण्यासारखं. त्या वाटेनं माणूस निघून जातो, असं म्हणतात. ती ओळ कुणी भरायची नाही. का, ते कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही, कारण ती भरली गेल्याचं खोऱ्यात एकदाच घडलंय, आणि ते हेलिवेलांच्या घरात.

जोसाया हेलिवेल, म्हणजे हेप्सीबाचा आणि अँब्रोजचा बाप, विणकर होता. त्याचा टेनर ऐकायला लोक डोंगरापलीकडून चालत यायचे. मागांच्या खोलीत लोकरीचं तूस उडायचं, ते घशात बसायचं, म्हणून सूर लावण्याआधी तो नेहमी घसा साफ करायचा. लहानसं, बंद ओठांचं, "ह्म्." मग आवाज यायचा.

त्याच्या मातीला अँब्रोज चोवीस वर्षांचा होता. गिरणीत त्यानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कोऑपच्या दुकानात चीज कापायचा आणि गायला लागला तर कोऑपचं मांजर बाहेर जायचं. शेवटचं कडवं सुरू झालं, भोक पडलं, आणि हेप्सीबाच्या शेजारी उभ्या अँब्रोजनं तोंड उघडलं.

त्याआधी तिला "ह्म्" ऐकू आलं होतं.

"त्याच्या बापाचं जे आहे, ते पोराला मिळायला नको?" कॉन्स्टन्स म्हणाली.

"त्याच्या बापाचं नव्हतंच ते," हेप्सीबा म्हणाली, आणि चौथ्यांदा रुमाल सोडायला घेतला.

*

कॉन्स्टन्सला हे सगळं ठाऊक होतं. लग्नाआधीच अँब्रोजनं तिला सांगितलं होतं, अगदी सरळ, एखाद्यानं आपली जुनी दुखापत सांगावी तसं. ती हसली होती. ऑपेराच्या जगात सगळेच काहीतरी सांगतात. कुणी कच्ची अंडी पितं, कुणी हिरवा रंग घालत नाही.

तेव्हा ती ऑपेरात मागच्या रांगेत, गावकरी झालेल्यांच्या घोळक्यात उभी राहून गायची. तालमीत अँब्रोज कधीच पूर्ण आवाजात गात नसे. सगळेच मोठे गायक तालमीत अर्ध्यावर भागवतात, पण हा नुसते ओठ हलवायचा. मग पहिल्या प्रयोगाला तो पुढे आला, "ह्म्" केलं, आणि कॉन्स्टन्सच्या हातातली खोट्या फुलांची टोपली खाली पडली. खरं सांगायचं तर तिनं त्या आवाजाशीच लग्न केलं. अँब्रोज त्याच्यासोबत आला.

टीकाकार त्या घसा साफ करण्यावर दर वेळी लिहायचे. इतका थोर आवाज आणि ही गावंढळ खोड. डॉक्टरांनी घसा तपासला. स्वच्छ होता. "विणकराचा घसा वाटतो," एक म्हातारा डॉक्टर म्हणाला होता, "पण तुम्ही तर गिरणीत नव्हता ना?"

घरात तो कधी गुणगुणला नाही. दाढी करताना नाही, खुशीत असतानाही नाही. एकदाच, मेव्हिस सहा महिन्यांची असताना, रडणं थांबेना म्हणून कॉन्स्टन्सनं हट्ट धरला. "म्हणा की काहीतरी! सगळ्या लंडनला निजवता, पोटच्या पोरीला नाही निजवत?" अँब्रोजनं पोरीला उचललं आणि गायला लागला. मेव्हिस आधी गप्प झाली. तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे, भिंतीकडे पाहिलं. मग ती अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर आले. त्यानंतर कॉन्स्टन्सनं हट्ट धरला नाही.

आणि बाप ज्या वयात गेला, त्या वयाला पोचल्यावर एका संध्याकाळी, भरल्या थिएटरात, अँब्रोज पुढे आला, "ह्म्" केलं, आणि पुढे काहीच आलं नाही. नुसता वारा. त्यानंतर तो फक्त कुजबुजायचा.

हे सगळं माहीत असून ती पोराला घेऊन आली होती. आई म्हणून हे बरं नाही, हे तिला कळत होतं. पण पुढच्या आठवड्यात ऑपेरात लॉरेन्सला तिसऱ्यांदा ऐकणार होते, बापाच्याच भूमिकेसाठी. दोनदा ते म्हणाले होते, सुंदर आहे, पण लहान आहे. तिसऱ्यांदाही तेच म्हणाले, तर त्यानं जन्मभर मागच्या रांगेत टोपली धरून उभं राहायचं. मागची रांग काय असते, ते कॉन्स्टन्सला ठाऊक होतं.

आणि तिला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. एकदाच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

*

"पातळ काप," मेव्हिस म्हणाली. "हॅम आहे ते, दाराचं फळकूट नाही."

"गाव येणार जेवायला. पातळ काप दिले तर म्हणतील, अँब्रोज लंडनला जाऊन कंजूष झाला."

"मेलेल्याला नावं ठेवायला गावाला हॅम लागत नाही. दे इकडे."

लॉरेन्सनं सुरी दिली आणि पावाला लोणी लावायला घेतलं. स्वैपाकघरात ऊब होती. मेव्हिसच्या बाहीवर खडूची पूड होती. गावच्या शाळेत ती अगदी लहानग्यांना शिकवायची. रोज सकाळी त्यांना घेऊन गाणं म्हणायची, मगच पाटी. मातीच्या दिवशीसुद्धा सकाळचं गाणं म्हणवून घेऊन आली होती.

"बापाची माती, आणि तू शाळेत?"

"पोरांना काय ठाऊक माती? मी गेले नाही तर ती गाणं म्हणतच नाहीत, नुसती दाराकडे बघत बसतात." ती थांबली. "आई सांगतेय ते करणार तू?"

लॉरेन्स लोणी लावत राहिला. "तू काय केलं असतंस?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

मेव्हिसनं हॅमचा तुकडा तोंडात टाकला, विचार करायला वेळ हवा म्हणून. "शेवटच्या थंडीत बाबा वर पडून असायचे. कुजबुजसुद्धा जेमतेम. पण अंधारायला लागलं, की मला इथे खाली ऐकू यायचं. ह्म्. वर जावं, तर डोळे उघडे, छताकडे. मी म्हणायचे, बाबा, पाणी हवं का? ते म्हणायचे, मी नव्हतो तो."

"मग कोण?"

"हेच मी विचारलं. ते म्हणाले, त्याला माझ्यात राहायचं नाहीये आता. वाट बघतोय."

लॉरेन्सच्या सुरीखालचा पाव फाटला.

"माझा आवाज लहान आहे, मेव्हिस," तो म्हणाला. "मला माहितीय. पण मी गातो तेव्हा तिथे मी असतो. बाबा गायचे तेव्हा बाबा कुठे असायचे?"

"तसं आईला सांग."

"सांगितलं. ती म्हणाली, लहान घरात राहणाऱ्यालाच घर सोडवत नाही." त्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले. "आणि मजा म्हणजे, तिचं खरं आहे असंही वाटतं. एकदा तरी वाटतंच ना, की आपण तोंड उघडावं आणि लोकांच्या हातातलं खाली पडावं."

"माझ्या वर्गात रोज पडतं. दूध." तिनं त्याच्या गालाला लोणी लागलं होतं, ते एप्रनच्या टोकानं पुसलं. "चल, उशीर होतोय. माझ्या शेजारीच उभा राहा. युद्धात पुरुष गेले, तेव्हापासून टेनरच्या रांगेत मीही आहे."

"आमची बाई टेनर! मिशा कधी येणार?"

"हेप्सीआत्याला आल्यात, मलाही येतील."

"ऐकलंय मी!" पुढच्या खोलीतून हेप्सीबा ओरडली.

भाऊबहीण खूप हसली. मातीच्या दिवशी माणूस हसतं तसं, हात तोंडावर ठेवून. मग पुढच्या खोलीतून पेटीचं झाकण बसवल्याचा आवाज आला आणि दोघंही थांबली. हेप्सीबा दारात उभी होती. तिच्या हातात दुसरा, न वापरलेला रुमाल होता. "मिटलं नाही शेवटपर्यंत," ती म्हणाली, आणि रुमाल खिशात टाकला.

*

चॅपेल भरलं होतं. शवपेटी समोर, गाणारे तिच्या मागे, पायऱ्यांवर. लॉरेन्स टेनरच्या रांगेत उभा राहिला. त्या रांगेत चार म्हातारे होते, तो होता आणि त्याच्या डाव्या हाताला मेव्हिस. समोर पहिल्या बाकावर आई. तिनं टोपीची जाळी वर केली होती आणि डोळ्याला डोळा भिडवून बसली होती. तिच्या शेजारी हेप्सीआत्या. तीही बघत होती. सगळं गाव बघत होतं, खरं तर. अँब्रोजचा पोरगा भरणार का, एवढाच विषय आठवडाभर कोऑपमध्ये चालला होता.

गाणं बसवणारे मिस्टर ग्रीनवूड रांगेशी येऊन हळूच म्हणाले, "पुरुष मंडळी, शेवटच्या कडव्याला आठवणीनं तोंडं बंद. बासवाल्यांनो, तुम्ही नाही, तुम्ही गा." मग लॉरेन्सकडे एक नजर टाकली.

गावची आपली चाल. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. लॉरेन्स गायला. आवाज लहान होता, नीट होता, त्याचा होता. चौथं सुरू झालं आणि टेनर गप्प झाले.

भोक पडलं. लॉरेन्सनं असल्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण ते थंड असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. वर बायका, खाली बास, आणि मधे छातीच्या उंचीवर पाणी काढून घेतल्यासारखी जागा. त्या जागेत कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. पण शेजारच्या खोलीत माणूस असला की कळतं, तसं कळत होतं. ते वाट बघत होतं, आणि त्याला घाई नव्हती.

आईचे ओठ विलग झाले होते.

लॉरेन्सनं तोंड उघडलं.

त्याच क्षणी डाव्या हाताला, अगदी कानाशी, "ह्म्."

आणि आवाज आला. मोठा म्हणणं बरोबर नाही. जुना होता. खिडक्यांच्या काचा थरथरल्या नाहीत, काही नाही. फक्त प्रत्येकाला आपल्याच मागे कुणी गातंय असं वाटलं आणि पन्नासेक माणसांनी एकदम मान वळवली. लॉरेन्सनंही. मागे भिंत होती. मग त्यानं शेजारी पाहिलं. मेव्हिस समोर बघून गात होती, रोजच्या सवयीनं, पाय जुळवलेले, हात पोटावर बांधलेले, जशी ती युद्धापासून दर रविवारी हीच ओळ गात आली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिला ऐकूच येत नसावं.

कडवं संपलं. शांततेत पेटीतून आवाज आला, "टक्." लाकूड तडकल्यासारखा, किंवा दात दातांवर बसल्यासारखा.

*

मातीचं जेवण चॅपेलच्या खालच्या खोलीत. हॅम, लोणी लावलेले पाव, बियांचा केक, चहाची मोठी किटली. लोक नेहमीपेक्षा हळू खात होते.

मिस्टर ग्रीनवूड हेप्सीबाजवळ आले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी पुरुष मंडळी म्हणालो. नेहमी तसंच म्हणतो ना आपण. ती टेनर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कुणाच्याच आलं नाही," हेप्सीबा म्हणाली. "आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. केक घ्या."

लॉरेन्स तिच्याशेजारी येऊन बसला. रंग उडाला होता. "आत्या, मी तोंड उघडलं होतं."

"दिसलं मला."

"मी गायलो असतो का?"

"ते आता तुला कधी कळायचं नाही. मलाही नाही." तिनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "ऊठ, बशा गोळा कर. हात रिकामे ठेवू नकोस."

तो उठला. बशा उचलता उचलता, स्वतःच्याही नकळत, तो गुणगुणायला लागला. लहानसा, नीट आवाज, कुणाच्या हातातलं काही खाली पडलं नाही. हेलिवेलांपैकी कुणी असं गुणगुणल्याचं बापाच्या मातीनंतर हेप्सीबाच्या कानावर आलं नव्हतं. पोरगा सुटला, तिच्या मनात आलं. लंडनला न्या, नका नेऊ, सुटला.

कोपऱ्यात कॉन्स्टन्सनं मेव्हिसला गाठलं होतं. तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते. आपल्या पोरीकडे तिनं इतक्या जवळून पाहिल्याला किती काळ लोटला होता, देव जाणे. "माझ्याबरोबर चल," ती म्हणत होती, आणि रडत होती, आणि चेहरा असा उजळलेला की बघवेना. "बाईच्या गळ्यात तो आवाज! त्यांना काय करावं ते सुचणार नाही. मेव्हिस, बोल ना. एकदा बोल."

मेव्हिस बोलत नव्हती. चॅपेलातून उतरल्यापासून एक शब्द नाही. आईच्या खांद्यावरून मागे, भिंतीकडे बघत होती. मग तिनं हात सोडवून घेतले, कोट घेतला आणि दाराशी आली. हेप्सीबा तिच्यामागे बाहेर गेली.

बाहेर अजून उजेड होता. शाळा सुटली होती. दोन लहानग्या फाटकावर लोंबकळत होत्या. मेव्हिसला बघून त्यांनी हात हलवले.

मेव्हिस आत्याकडे वळली. तिला काहीतरी विचारायचं होतं. तिनं ओठ मिटले.

"ह्म्," ती म्हणाली.

खडूच्या पुडीशिवाय ज्या पोरीच्या घशात आजवर काही गेलं नव्हतं, तिच्या गळ्यात ते लोकरीचं तूस हेप्सीबानं ओळखलं. बापाचं होतं. एक क्षण तिला मागांची खडखडसुद्धा ऐकू आली.

"आत्या," मेव्हिस म्हणाली. शब्द तिचे होते. "उद्या सकाळी पोरांना मी गाणं कसं म्हणून दाखवू गं?"

हेप्सीबानं खिशातून उरलेला रुमाल काढला, पोरीच्या गळ्याभोवती घेतला, कोटाची कॉलर वर केली. "थंडी फार आहे," ती म्हणाली, "गळा झाक," आणि हनुवटीखाली गाठ मारली. पक्की, विणकरणीची, दोनदा ओढून बघितलेली.

मेव्हिस पोरींच्या दिशेनं निघाली. फाटकापर्यंत पोचायच्या आत रुमाल सैल झाला होता.